एका मोटार-गॅरेजचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'एका मोटार-गॅरेजचा इतिहास' असे कळवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "आपण कामगार चळवळीतले, गिरण्यांच्या संपावर बोलाल तर बरे नाही का? आणि हे गॅरेज तर मालकाचे!" त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु गिरण्यांच्या संपावर आमच्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत आणि लिहिलेलेही पुष्कळ आहे. ट्रक दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आपल्या गावात येणारा भाजीपाला, सिमेंट, औषधे, शाळेची पुस्तके सारे ट्रकने येते. तो ट्रक रात्री घाटात बंद पडला, तर पहाटेपर्यंत कोणीतरी त्याच्याखाली पाठीवर निजून तो चालू करतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मालकाच्या घराण्याचा इतिहास सांगता सांगता या माणसाचा माग लागला तर पाहावा, एवढा आमचा हेतू आहे.

गॅरेजचा धंदा बहुधा घराण्याचा असतो. गिरणी काढायची तर भागभांडवल लागे, संचालक मंडळ लागे. गॅरेजला जुन्या जकातनाक्यापुढची थोडी जागा, गाडीखाली उतरायला एक खड्डा, पान्यांचा संच आणि ओळखीचे चार गाडीवाले एवढ्यावर सुरुवात होते. बाप थकला की मुलगा गल्ल्यावर बसतो. अशी घराणी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत; पण त्यांनी कागद जपलेले नाहीत. न जपण्याचे एक कारण आम्हांला ठाऊक आहे, ते पुढे येईलच. म्हणून ज्याविषयी सनसालानिशी बोलता येते असे एक घराणे आम्ही निवडले. ते मदुराईचे आहे. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार आणि सन्स हे त्याचे नाव. टीव्हीएस म्हटले की आपल्याकडे दुचाकी डोळ्यांपुढे येते. पण ती दुचाकी फार पुढची, त्यांची पहिली मोपेड १९८० ची. मूळ धंदा बसगाड्यांचा, लॉऱ्यांचा, त्यांच्या दुरुस्तीचा आणि विक्रीचा.

सुंदरम अय्यंगार यांचा जन्म २२ मार्च १८७७ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या तिरुक्कुरुंगुडी या गावी झाला. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते वकिलीत शिरले, मग रेल्वेत नोकरी केली, मग बँकेत. तिन्ही ठिकाणी पगार होता, प्रतिष्ठा होती, आणि हात स्वच्छ राहत होते. ते सारे सोडून त्यांनी मोटारीच्या धंद्यात उडी घेतली. अय्यंगार म्हणजे वैष्णव ब्राह्मण. त्या काळी आपल्याकडेही पांढरपेशा घरातला मुलगा तेलाने माखलेल्या कपड्यांत घरी आला, तर त्याच्या सोयरिकीची चिंता आईला पडे. तिकडे सोवळेओवळे आपल्याहून कडक. तेव्हा या गृहस्थाचे धाडस पैशाच्या धाडसापेक्षा मोठे होते, असे आम्हांला वाटते.

हे घराणे आपल्या धंद्याचा आरंभ १९११ पासून मोजते. मदुराईच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. पूर्वेकडे देवकोट्टै, कारैकुडी, पुदुकोट्टै. इथले चेट्टियार सावकार ब्रह्मदेशात आणि मलायात पेढ्या चालवीत. पैसा पुष्कळ, वाडे प्रचंड, पण कारैकुडीला आगगाडी पोचायला १९३० साल उजाडावे लागले. तोवर प्रवास बैलगाडीने. जिथे माणसांच्या खिशात भाड्याचे पैसे आहेत आणि रूळ नाहीत, तिथे बस चालते, हे गणित रेल्वेत काम केलेल्या माणसाला सुचले यात नवल नाही. दक्षिण भारतातल्या मोटार-वाहतुकीचा पाया त्या बससेवेने घातला, असे मानले जाते.

पण बस घेणे सोपे आणि चालवणे अवघड. आज गाडी बिघडली तर आपण गॅरेज शोधतो. १९११ साली शोधायला गॅरेजच नव्हते. सुटा भाग हवा तर विलायतेला किंवा अमेरिकेला कळवायचे आणि बोटीची वाट पाहायची. तोवर गाडी उभी, उतारू परत बैलगाडीत. म्हणून ज्याने बस घेतली त्याला गॅरेज काढणे भागच पडले. नुसत्या दुरुस्तीसाठी नव्हे, गाडी बांधण्यासाठीसुद्धा. कारण परदेशातून येई तो सांगाडा, म्हणजे चासी: चौकट, इंजिन, चाके. वरची लाकडी बॉडी इथल्या सुताराने बांधायची, पत्रा इथल्या लोहाराने ठोकायचा, रंग इथल्या रंगाऱ्याने द्यायचा. तेव्हा पहिल्या मोटार-कारागिरांच्या हातांत आधी रंधा आणि हातोडा होता. पाना मागाहून आला. या देशात मोटारविद्या शाळेच्या वाटेने आली नाही, ती सुतारशाळेच्या आणि भात्याच्या वाटेने आली. मालकांच्या चरित्रांत त्या माणसांची नावे आम्हांला भेटत नाहीत.

त्यांचे काम काय होते हे थोडे खोलात सांगितले पाहिजे, कारण श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसेल. जुन्या इंजिनांत क्रँकचा दांडा ज्या बेअरिंगांत फिरे, ती आजच्यासारखी पेटीतून काढून बसवायची नसत. कथलाच्या मिश्रणाची एक मऊ धातू, जिला कारागीर व्हाइट मेटल म्हणतात, ती वितळवून बेअरिंगच्या खोबणीत ओतायची. धातू किती तापली हे काही ठिकाणी लाकडाची काडी बुडवून ती किती पटकन करपते त्यावरून ओळखीत. थंड झाल्यावर मोजमापाने कातायची. मग दांड्याला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, बेअरिंग बसवून दांडा फिरवायचा आणि पुन्हा उघडायचे. जिथे निळा डाग उमटला तो उंचवटा. तेवढाच उंचवटा तासणीने, नखाने खरवडावा इतक्या हलक्या हाताने तासायचा. पुन्हा निळा रंग, पुन्हा फिरवणे, पुन्हा तासणे. निळाई सगळीकडे सारखी पसरेपर्यंत हे चाले. कुठे केसभर जास्त तासले गेले तर पहिल्या चढालाच इंजिन खडखडू लागे, आणि सारे काम मुळापासून.

आम्ही १९८५ साली एका गॅरेजात 'बारक्या' म्हणून लागलो, तेव्हा हे काम जवळजवळ संपले होते. पण आमचे उस्ताद एका जुन्या फार्गो लॉरीवर ते आम्हांला एकदा करून दाखवीत होते. आम्ही विचारले, "उस्ताद, पुरे झाले हे कळते कसे?" ते म्हणाले, "तुला नाही कळायचे. तुझ्या हाताला कळेल, दहा वर्षांनी." आमच्या हाताला ते कधीच कळले नाही; आम्ही पाच वर्षांत युनियनच्या कामात पडलो. असो.

मदुराईकडे परत येऊ. तिथल्या बसबद्दल दोन गोष्टी लोक सांगतात. एक, टीव्हीएसची गाडी गेली की माणसे घड्याळ लावून घेत. दुसरी अधिक मजेची. रस्त्यावर बैलांच्या आणि घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत आणि रबरी टायर त्यांवर फाटत. म्हणून कंपनीने लोहचुंबक लावलेली एक गाडी रस्त्यावरून फिरवून खिळे वेचले. सांगणाऱ्याने थोडे मीठमसाला लावले असेल. पण या दोन्ही गोष्टींत एकच कळकळ दिसते: गाडी बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा ती बिघडू न देणे. आणि वेळेवर गाडी सोडायची तर नोंदवही लागतेच. कोणती गाडी कधी आली, किती मैल चालली, कोणी तपासली, काय बदलले, हे लिहून ठेवावे लागते. ही नोंदवही आम्हांला फार महत्त्वाची वाटते. का, ते शेवटी कळेल.

आता मुंबईचा संबंध. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. अमेरिकेहून पेट्यांत भाग येत आणि शिवडीचे कामगार त्यांतून शेव्हरोले मोटारी आणि लॉऱ्या जोडीत. देशातला अशा तऱ्हेचा हा आरंभीचा कारखाना. सुंदरम अय्यंगारांच्या घराण्याने जनरल मोटर्सची विक्री हाती घेतली, आणि त्यांची सुंदरम मोटर्स ही शाखा १९५० नंतरच्या काळात त्या कंपनीची देशातली सर्वांत मोठी विक्रेती बनली. विक्री आणि दुरुस्ती हे एकाच छपराखाली आले की धंद्याचा रंग कसा पालटतो पाहा. नुसता विक्रेता गाडी विकून मोकळा होतो. नुसता गॅरेजवाला गाडी बिघडण्याची वाट पाहतो. दोन्ही करणाऱ्याला मात्र आपण काय विकले आणि ते कुठे मोडले हे एकाच वहीत दिसते.

मग महायुद्ध आले. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले आणि पेट्रोल कुपनावर मिळू लागले. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या हाती पडला आणि रबराचाही दुष्काळ झाला. गाड्या आहेत, उतारू आहेत, पण पाजायला तेल नाही आणि धावायला टायर नाही. या पेचातून घराण्याच्या दोन नव्या उद्योगांचा जन्म झाला.

पहिला गॅस-प्लांटचा. आपल्यातले वृद्ध श्रोते एसटीपूर्वीच्या काळातली 'कोळशाची गाडी' ऐकून असतील. बसच्या पाठीमागे उंच पिपासारखी भट्टी असे. तीत लोणारी कोळसा भरायचा आणि पेटवायचा, पण हवा बेताची द्यायची. पुरी हवा मिळाली तर कोळसा जळून जातो. अर्धवट हवेत त्याचा जळाऊ वायू बनतो. तो वायू नळीने नेऊन थंड करायचा, गाळणीतून काढायचा आणि पेट्रोलऐवजी इंजिनात सोडायचा. ऐकायला सोपे. प्रत्यक्षात ड्रायव्हर-क्लीनरने पहाटे लवकर उठून भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवायचा, वायू धरला की मग इंजिन चालू. जोर पेट्रोलच्या मानाने बराच कमी. चढावर उतारूंनी खाली उतरायचे. राख आणि काजळी गाळणीतून निसटून इंजिनात जाई, व्हॉल्व्ह चिकटत, आणि गॅरेजात काम दुप्पट होई. हा वायू विषारीही असतो. बंद जागेत भट्टी पेटवणाऱ्याला भोवळ येई, प्रसंगी जीवही जाई. सुंदरम अय्यंगारांनी आपल्या कारखान्यात 'टीव्हीएस गॅस-प्लांट' तयार करून पुरवला, म्हणून त्यांची वाहवा झाली आणि ती योग्यच आहे. ती काजळी ज्यांच्या छातीत गेली त्या क्लीनरांचाही या वाहव्यात वाटा आहे, असे आम्ही मानतो.

दुसरा उद्योग टायरला नवे रबर चढवण्याचा. झिजलेल्या टायरची पाठ घासून खडबडीत करायची, तिच्यावर नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात घालून वाफेने शिजवायचा. शिजणे कमी झाले तर पट्टा उन्हात सुटतो, जास्त झाले तर रबर ठिसूळ होते. हा कारखाना टंचाईत निघाला, पण टंचाई गेल्यावरही टिकला. कारण लॉरीवाल्याच्या खर्चात डिझेलखालोखाल टायर, आणि गरजवंत हा नेहमीच असतो.

युद्ध संपले, स्वराज्य आले, आणि धंद्यावर एक निराळेच संकट आले. या वेळी ते चांगल्या हेतूने आलेले होते. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे राहता येणार नाही. ज्यांना राहायचे त्यांनी हळूहळू सारे भाग इथेच बनवावेत. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना आवरता घेतला. शिवडीच्या कामगारांवर काय प्रसंग आला असेल ते सांगायला नको. त्याच साली टाटांचा मर्सिडीज-बेंझ ट्रक जमशेदपुरात बनू लागला, मद्रासजवळ एन्नोरला लेलंडच्या गाड्या होऊ लागल्या होत्या, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि फार्गो होत्या. पण देशातला सर्वांत मोठा विक्रेता आता विकणार काय?

घराण्याने दोन वाटा काढल्या. पहिली पैशाची. १९५४ साली सुंदरम अय्यंगारांचे चिरंजीव टी. एस. संतानम यांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर सुंदरम फायनान्स काढली. बस आणि लॉरी हप्त्यांनी देणारी ही पेढी. बँका तेव्हा लॉरीवाल्याला दारात उभे करीत नसत. ज्याची मालमत्ता रोज शंभर मैल दूर पळते त्याला कर्ज कोण देणार? पण गॅरेजवाल्याला माहीत असते की कोणता ड्रायव्हर गाडी जपतो, वेळेवर तेल बदलतो, हप्ता बुडवणार नाही. ही माहिती सावकारी वहीत नव्हती, खड्ड्यात होती. कितीतरी ड्रायव्हर अशा हप्त्यांवर एका गाडीचे मालक झाले. त्यांतले कितीतरी हप्त्यांखाली भरडलेही गेले. हप्त्याच्या भीतीने रात्रंदिवस गाडी हाकणारा मालक-ड्रायव्हर आम्ही जवळून पाहिला आहे आणि त्याला कामाचे तास कोणते हे सांगणारा कायदा कुठे लागत नाही.

दुसरी वाट सुट्या भागांची. १९६० ते १९६२ या अवघ्या तीन वर्षांत या घराण्याने व्हील्स इंडिया, लुकास-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, सुंदरम-क्लेटन आणि सुंदरम फास्टनर्स अशा कंपन्या काढल्या. चाके, डायनामो आणि स्टार्टर, ब्रेक, हवेचे ब्रेक, नटबोल्ट. यादी वाचली की कोणाही जुन्या मेकॅनिकला हसू येईल, कारण आपल्या रस्त्यांवर नेमके हेच मोडते. रिम खड्ड्यात वाकते, स्टार्टर धुळीने जळतो, ब्रेक घाटात जातात, बोल्ट हादऱ्याने तुटतात. विलायती भागीदारांकडून नकाशे आले हे खरे. परंतु काय बनवावे याचा सल्ला पन्नास वर्षे गाड्यांखाली झोपलेल्या माणसांच्या अनुभवातून आला असणार, असा आमचा तर्क आहे. कोणते लेखी प्रमाण आमच्याकडे नाही. मिस्त्री 'शेठ, हे सारखे तुटते' असे म्हणतो तेव्हा ते कोणी टिपून ठेवत नाही.

हे दिवस पाहायला सुंदरम अय्यंगार नव्हते. २८ एप्रिल १९५५ रोजी कोडैकनाल येथे, वयाच्या ७८ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या कन्येविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही, विषयांतर झाले तरी चालेल. सौंदरम यांचे लग्न लहानपणी झाले आणि कोवळ्या वयातच वैधव्य आले. त्या शिकून डॉक्टर झाल्या. पुढे जी. रामचंद्रन या गांधीवादी कार्यकर्त्याशी पुनर्विवाह करण्याचे त्यांनी ठरवले. ते निराळ्या जातीचे होते, घरून विरोध होता. १९४० साली हा विवाह आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींनी लावला. पुढे १९४७ साली दोघांनी मदुराईजवळ गांधीग्राम ही संस्था उभारली, आणि १९६२ साली सौंदरमबाई केंद्रात शिक्षण खात्याच्या उपमंत्री झाल्या. बापाने ओलांडली ती एक वेस आणि मुलीने ओलांडली ती दुसरी. दुसरी अधिक उंच होती.

मदुराईत या घराण्याच्या नावाची वसाहत आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे. चळवळीतल्या माणसाला याविषयी काय वाटते असे आम्हांला विचारतात. सरळ सांगतो: शाळा ही शाळाच असते, ती कोणी काढली म्हणून तिच्यातले शिक्षण वाईट होत नाही, आणि आमच्या भाषणांनी मजुराचा ताप उतरत नाही, इस्पितळाने उतरतो. आमचे म्हणणे एवढेच की, मालकाच्या मायेने मिळालेली गोष्ट करारात लिहिलेली नसेल, तर माया पुढच्या पिढीत पाझरेल की नाही याची हमी कोणी देत नाही. मोठ्या घराण्यात नोंद असते, हजेरी असते, नेमणुकीचे पत्र असते. तिथे निदान भांडायला कागद असतो. खरी दैना छोट्या घराण्यांत आहे.

त्याआधी बसचा शेवट सांगून टाकू. ज्या धंद्यापासून आरंभ झाला तोच प्रथम हातचा गेला. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली आणि खाजगी मोटारवाल्यांचे मार्ग एकामागून एक सरकारकडे आले. तामिळनाडूत हे उशिरा, १९७२ साली घडले. मदुराईच्या बसगाड्या पांडियन रोडवेज या सरकारी महामंडळाकडे गेल्या. घराण्याकडे लॉऱ्या, विक्री, दुरुस्ती आणि कारखाने उरले. बसचे ड्रायव्हर-कंडक्टर सरकारी चाकर झाले. अशा बदलात कामगाराच्या हाती काय लागते? आम्ही एसटीतल्या जुन्या माणसांना विचारले आहे. "पेन्शनीची भाषा ऐकू आली," एक म्हणाले, "पण गाडी कोणाची म्हणून जीव टाकायचा, ते कळेना." दोन्ही खरे असावे.

सुंदरम अय्यंगारांच्या चार पुत्रांच्या, राजम, संतानम, श्रीनिवासन आणि कृष्णा यांच्या, शाखांनी हा सारा पसारा अनेक दशके एकत्र चालवला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी कौटुंबिक करार केला आणि २०२२ साली न्यायाधिकरणाच्या संमतीने, ज्या शाखेने जे चालवले ते तिचे, अशी वाटणी पुरी झाली. शंभर वर्षांचे एकत्र कुटुंब कोर्टकज्ज्यांचा तमाशा न करता विभक्त झाले, याचे कौतुक झाले. प्रत्येक हिस्सा कागदावर आला.

आणि आता आमच्या ओळखीच्या त्या दुसऱ्या गॅरेजविषयी, जिथे आम्ही बारक्या होतो. नाव-गाव सांगत नाही. मालक मंडळी हयात आहेत. महामार्गावरचे गॅरेज, बापाने काढलेले, पुढे तीन भावांचे. एका भावाकडे दुरुस्ती, एकाकडे सुटे भाग, धाकट्याकडे एका ट्रक-कंपनीची पोट-विक्री. १९९० पर्यंत भरभराट. मग गाड्या बदलू लागल्या. इंजिनात तेल किती सोडायचे हे पंपाच्या स्क्रूऐवजी बिजलीची पेटी ठरवू लागली. २०१७ साली देशभर बीएस-चार आणि २०२० साली बीएस-सहाचे धूर-नियम आले, आणि कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय गाडीला काय झाले हेच कळेना. कानाने इंजिन ओळखणाऱ्या उस्तादांची किंमत त्या पेटीने उतरवली. पण हे गॅरेज तोवर थांबले नाही. २०११ सालीच भावांचे पटेना, जागेला भाव आला, वाटणी झाली आणि गॅरेज मोडले.

आमचे उस्ताद तिथे एकतीस वर्षे होते. शेवटचा पगार ९,१०० रुपये. मोठ्या शेठनी त्यांना घरी बोलावले, जेवू घातले, शाल दिली, डोळ्यांत पाणी आणले. आणि ते पाणी खोटे नव्हते. पाकिटात दहा हजार रुपये होते. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याने हिशेब असा होता: महिन्याचे २६ दिवस धरून रोज ३५०, वर्षाला १५ दिवसांचे ५,२५०, एकतीस वर्षांचे १,६२,७५० रुपये. पण तो कायदा जिथे दहा माणसे कामाला आहेत तिथेच लागे. आणि मस्टरवर माणसे नऊच होती. पहिल्यापासून नऊ. जमिनीवर चौदा, कधी सोळा, कागदावर नऊ. छोट्या घराण्यांनी कागद का जपले नाहीत, असे आम्ही मघाशी म्हणालो, त्याचे कारण हे. विसरभोळेपणा नव्हता तो.

उस्ताद आमच्याकडे आले ते खटला करायला आलेच नव्हते. "शेठच्या विरुद्ध मी उभा राहू? त्यांच्या पोराला मी खांद्यावर खेळवले," असे म्हणत ते ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या मुलीने अर्जावर सही करायला लावली.

पुरावा कुठून आणायचा? गॅरेज पाडताना माळ्यावरची खोकी भंगारवाल्याने उचलली होती. त्याच्याकडे आमची माणसे गेली. खोक्यांत जॉबकार्डे निघाली. गाडी आली की तिचा नंबर, तक्रार, बदललेले भाग आणि खाली एका चौकोनात 'मेकॅनिक' म्हणून सही, असे ते कार्ड. तेलाने पारदर्शक झालेले, उंदरांनी कुरतडलेले. युनियनच्या खोलीत चार रात्री बसून आम्ही ती वर्षावार लावली. एकाच वर्षाच्या कार्डांवर बारा निरनिराळ्या सह्या सापडल्या. बारा म्हणजे नऊ नव्हेत. शिवाय उस्तादांची सही १९८० पासून सलग; आधी नुसती फुली, मग आद्याक्षर, मग मोडीसारखे वळण घेतलेले पुरे नाव. मालकांच्या वकिलांनी कार्डे बनावट म्हटली. तेव्हा मधल्या भावाने, सुटे भाग सांभाळणाऱ्याने, उलटतपासात सांगितले की कार्डावरचे भागांचे अक्षर त्याचे स्वतःचे आहे. तो खोटे बोलू शकला असता. अर्ज २०१४ साली मंजूर झाला आणि उस्तादांना पुरी रक्कम व्याजासह मिळाली. त्यांच्याबरोबर सही सापडलेल्या इतर सात जणांनाही आपापल्या वर्षांची मिळाली.

तिघांना काही मिळाले नाही. ते हेल्पर होते. एकाची तिथे अठरा वर्षे गेली होती. त्याने इंजिने उतरवली, धुतली, पुन्हा चढवली, उस्तादांच्या हातात मागण्याआधी योग्य पाना दिला. पण त्या कार्डावर हेल्परसाठी चौकोनच छापलेला नव्हता. आम्ही खोक्यांतली सारी कार्डे दोनदा पाहिली, त्याच्यासाठी आणि, खरे सांगायचे तर, थोडी स्वतःसाठीही. १९८५ ते १९९० ही आमची पाच वर्षे त्या कार्डांवर कुठेच नाहीत. त्या हेल्परने एका फार्गोच्या कार्डाच्या पाठीमागे बोटांचे काळे ठसे दाखवले आणि विचारले, "दादा, हे चालतील का?"